बंगळुरूतले एक वर्ष : इंदूरच्या कमलाबाई सोहोनी

दुर्गाबाई भागवत इंदूरच्या, हे आपल्या मंडळातल्या बहुतेकांना ठाऊक असते. कऱ्हाडचे १९७५ चे साहित्य संमेलन, आणीबाणीला त्यांनी केलेला उघड विरोध, या गोष्टी जुन्या सभासदांच्या बोलण्यात अजून येतात. पण दुर्गाबाईंच्या पाठची बहीण कमला हीसुद्धा इंदूरचीच. तिने जैवरसायनशास्त्रात केलेले काम मोठे, आणि ते करायला मिळावे म्हणून दिलेला लढा त्याहून मोठा. हे मात्र अजून सांगावे लागते, म्हणून हा लेखप्रपंच.

लिहिण्यामागे आणखी एक निमित्त आहे. हल्ली आपल्या घरोघरी कोणी ना कोणी बायोटेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजी शिकत असते आणि उन्हाळ्यात कुठल्या तरी प्रयोगशाळेत इंटर्नशिपला जाते. पहिले काही आठवडे घरी येणारे फोन एकाच सुराचे असतात. कोणी विचारत नाही, काचसामान धुवायला लावतात, आपल्याला काही येत नाही असे वाटते. मग महिना-दीड महिन्याने सूर बदलतो आणि आजी-आजोबांना न कळणारी नावे फोनवर ऐकू येऊ लागतात. या मुलांना कमलाबाईंची हकीकत कळलीच पाहिजे असे मला वाटते. मी स्वतः कॉमर्सचा माणूस. आयुष्य लेजर आणि बॅलन्स शीट यांत गेले. तेव्हा विज्ञानाचा भाग मला जेवढा समजला तेवढाच सांगतो.

कमला भागवत यांचा जन्म इंदूरला, १९११ च्या सुमाराचा. संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत यांचे हे घराणे. म्हणजे घरात विद्या होतीच, पण कमलाच्या वडिलांच्या पिढीत तिने वेगळे वळण घेतले होते. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटचे अगदी सुरुवातीच्या काळातले विद्यार्थी. आज जिला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणतात तीच ही संस्था. जमशेदजी टाटांच्या कल्पनेतून १९०९ मध्ये ती स्थापन झाली. भागवतांच्या घरी या संस्थेचे नाव काशी-प्रयागासारखे घेतले जात असणार. आपणही तिथेच जायचे, हे कमलाने कधी ठरवले असेल हे सांगण्याची गरज नाही.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून ती बी.एस्सी. झाली. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला पदार्थविज्ञान. नुसती उत्तीर्ण नव्हे, गुणवत्ता यादीत सर्वांत वर. अर्ज बंगळुरूला गेला. आता अशा उमेदवाराला, त्यातून माजी विद्यार्थ्याच्या मुलीला, प्रवेश मिळायला अडचण कसली? पण अर्ज नामंजूर होऊन आला, आणि कारण एकच, अर्जदार स्त्री आहे.

संस्थेचे संचालकपद त्याच वर्षी सर सी. व्ही. रामन यांच्याकडे आले होते. १९३० चे नोबेल पारितोषिक मिळालेले, साऱ्या देशाला अभिमान वाटावा असे शास्त्रज्ञ. संशोधन हे बायकांचे काम नव्हे, असे त्यांचे मत होते. नारायणरावांनी आणि माधवरावांनी विनंती करून पाहिली. उपयोग झाला नाही.

वडीलधाऱ्यांनी शब्द टाकूनही काम झाले नाही की विषय संपला, अशी त्या काळची रीत. कमलाने ती मानली नाही. ती स्वतः बंगळुरूला गेली आणि तिने रामन यांनाच गाठले. मुलींना प्रवेश द्यायचा नाही असा नियम कुठे लिहिला आहे, आणि गुण कमी पडले असतील तर ते दाखवा, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. उत्तर मिळेना तेव्हा तिने त्यांच्या कार्यालयापुढे सत्याग्रह सुरू केला. काळ लक्षात घ्या. मिठाचा सत्याग्रह होऊन तीनच वर्षे झाली होती, मुंबईच्या रस्त्यांवर बायका मिरवणुका काढत होत्या, तुरुंगात जात होत्या. थोरली बहीण दुर्गा तर चळवळीपायी कॉलेज सोडून बसलेली. सरकारविरुद्ध वापरायचे हत्यार कमलाने एका देशी, नामांकित, आपल्याच माणसाविरुद्ध वापरले. मला यात तिची खरी हिंमत दिसते. परक्यापुढे ताठ उभे राहणे त्या मानाने सोपे असते.

शेवटी रामन नमले, पण अर्धेच. प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्षभर ती नियमित विद्यार्थिनी मानली जाणार नाही. कामाचा दर्जा संचालकांना पटला तरच प्रवेश पक्का होईल. मार्गदर्शकांनी सांगितले तर रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये.

आम्हा बँकवाल्यांना प्रोबेशन हा शब्द नवा नाही. नवा अधिकारी लागला की ठराविक मुदत तो प्रोबेशनवर असतो, मग नोकरी कायम झाल्याचे पत्र हातात पडते. पण ती अट सरसकट सर्वांना असते. इथे सर्व विद्यार्थ्यांत एकटीच प्रोबेशनवर होती, आणि चौथी अट तर कामाशी संबंधित नव्हतीच. दुसऱ्या कोणाची नजर विचलित झाली तर त्याचा जबाब हिने द्यायचा! कमलाने अटी मान्य केल्या, पण त्या योग्य आहेत असे तिने कधीही मानले नाही. पुढे उतारवयात, भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या संघटनेपुढे बोलताना त्यांनी हे स्पष्ट सांगितले. रामन थोर शास्त्रज्ञ होते हे नाकारायचे नाही, पण मन संकुचित होते, आणि तो अपमान आपण विसरलो नाही, असे त्यांच्या सांगण्याचे तात्पर्य. साठ वर्षांहून अधिक काळ मनात राहिलेली ती सल होती.

मार्गदर्शक मिळाले ते एम. श्रीनिवासय्या. जैवरसायन विभागातले, अत्यंत कडक शिस्तीचे. पहाटे पाच ते रात्री दहा हे कमलाचे प्रयोगशाळेतले वेळापत्रक. हे वाचून आजच्या पालकांना काळजी वाटेल. पण श्रीनिवासय्यांचा कडकपणा कामापुरता होता. समोर मुलगी आहे की मुलगा, हा प्रश्न त्यांच्या हिशेबात नव्हता. त्यांनी तिला वाचायला लावले, आणि तिच्या विषयातल्या नामांकित शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार करण्याची सवय तिला लागली. वीस-बावीस वर्षांच्या, अजून कागदोपत्री विद्यार्थिनीही नसलेल्या मुलीने दूरदेशीच्या मोठ्या माणसांना आपल्या शंका लिहून पाठवायच्या. वाटते तेवढी ही साधी गोष्ट नाही. शंका नीट लिहायची तर आपल्याला काय कळले आणि काय कळले नाही, ते आधी स्वतःला नेमके माहीत असावे लागते.

आता तिचे काम काय होते ते पाहू. विषय अगदी आपल्या स्वयंपाकघरातला : दूध, डाळी, कडधान्ये, आणि त्यांतली प्रथिने. आपल्या देशात करोडो लोकांचे प्रथिन डाळीतून येते. मग कुठल्या डाळीत ते किती, हे मोजायचे कसे? प्रथिनात नायट्रोजन असतो. म्हणून पदार्थातला एकूण नायट्रोजन मोजायचा आणि त्याला एका ठराविक आकड्याने, सर्वसाधारणपणे ६.२५ ने गुणायचे, अशी रूढ पद्धत. पण यात एक मेख आहे. सगळा नायट्रोजन प्रथिनातलाच असतो असे नाही. काही भाग इतर संयुगांतला असतो. तो वजा न करता गुणाकार केला तर प्रथिनाचा आकडा फुगतो. आमच्या भाषेत सांगायचे तर थकीत कर्जावरचे न आलेले व्याज उत्पन्नात धरून नफा दाखवण्यासारखे. ताळेबंद छान दिसतो, तिजोरीत पैसा नसतो. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन मिसळल्याचे प्रकरण उघडकीस आले, ते याच पळवाटेतून. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, त्यामुळे तपासणीत प्रथिन भरपूर आहे असे दिसायचे.

कडधान्यांतला हा प्रथिनाबाहेरचा नायट्रोजन हाच कमलाने हाती घेतलेला एक प्रश्न. १९३५ मध्ये श्रीनिवासय्यांसोबतचा तिचा याविषयीचा निबंध इंग्लंडच्या बायोकेमिकल जर्नलमध्ये छापून आला. म्हणजे ज्या संस्थेने दोन वर्षांपूर्वी दार लावून घेतले होते, त्या संस्थेचे नाव तिच्या नावाबरोबर परदेशी छापले गेले.

त्याआधीच प्रोबेशनचे वर्ष संपले होते. रामन यांनी काम पाहिले आणि प्रवेश पक्का केला. पुढे संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९४० मध्ये हवामानशास्त्रज्ञ म्हणून पुढे नाव मिळवलेल्या अ‍ॅना मणी तर खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत संशोधनाला आल्या. त्यांच्याही वाट्याला सगळे सुखाचे आले नाही, पण दाराबाहेर बसून राहण्याची वेळ तरी आली नाही. आपण नापास झालो असतो तर आपल्या मागच्या साऱ्या मुली नापास ठरल्या असत्या, हे ओझे पाठीवर घेऊन कमलाने ते वर्ष काढले होते. आजच्या इंटर्नशिपच्या मुलांना भीती असते ती फार तर सर्टिफिकेटची.

१९३६ मध्ये ती विशेष प्राविण्यासह एम.एस्सी. झाली आणि १९३७ मध्ये शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेली. न्यूनहॅम कॉलेजात नाव दाखल झाले. काम मात्र सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांच्या जैवरसायन प्रयोगशाळेत. जीवनसत्त्वांच्या कामासाठी १९२९ चे नोबेल मिळालेले हॉपकिन्स तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले होते. एक नोबेलवाला बंगळुरूला भेटला, दुसरा इथे. फरक असा की हॉपकिन्स यांच्याकडे स्त्री-संशोधक कितीतरी वर्षांपासून बरोबरीने काम करीत होत्या. मार्जरी स्टीफन्सन, डोरोथी नीडहॅम ही त्यांतली मोठी नावे. इथे कोणी वातावरण बिघडण्याची अट घातली नाही.

प्रयोगशाळा माणसांनी भरलेली, जागा अपुरी. डेरेक रिक्टर यांनी तिला आपल्याकडचे टेबल दिवसा वापरायला दिले आणि रात्री ते स्वतः त्याच टेबलावर झोपत, असा किस्सा सांगितला जातो. रिक्टर यांच्याबरोबर तिने अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांवर शरीरात काय प्रक्रिया होते याचा अभ्यास केला. १९३८ आणि १९३९ मधल्या निबंधांवर दोघांची नावे आहेत. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर ती रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागली.

इथे तिच्या हाती आला बटाटा. आपण खाल्लेले अन्न पेशीत जाळले जाते आणि त्यातून शक्ती मिळते. हे जळणे एकदम भडकून होत नाही, पायरीपायरीने होते, आणि त्या साखळीत एक लोहयुक्त रंगीत प्रथिन महत्त्वाचे काम करते. त्याचे नाव सायटोक्रोम सी. केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोमची ओळख जगाला करून दिली होती. वनस्पतींचे काय? बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. असल्या गोष्टींमुळे वनस्पतींच्या रसातून नाजूक द्रव्ये शोधून काढणे किचकट होऊन बसते. कमलाने दाखवून दिले की सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशीपेशीत असते. म्हणजे माणूस असो की बटाटा, श्वासाची मूळ यंत्रणा एकच. मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा भाजीच्या टोपलीकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली.

केंब्रिजला पोहोचल्यापासून १४ महिन्यांत पीएच.डी.चा प्रबंध तयार झाला, तोही जेमतेम चाळीस पानांचा. आजकालचे प्रबंध उचलायला दोन हात लागतात. कमलाचा प्रबंध एखाद्या शाखेच्या ऑडिट रिपोर्टपेक्षाही बारीक असेल, आणि तेवढ्यावर १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली.

विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. मी आकड्यांचा माणूस असल्यामुळे इथे एक नोंद करतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना १९३१ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली होती. पदवीचे नाव वेगळे, पण मान तोच. पहिल्या कोण या वादात कमलाबाईंचे काही कमी होत नाही. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. त्या काळी केंब्रिज स्त्रियांना पदवी देई ती नावापुरती, विद्यापीठाच्या पूर्ण सभासदत्वाशिवाय. तो अधिकार तिथल्या स्त्रियांना १९४८ मध्ये मिळाला. तेव्हा बंगळुरूला नावे ठेवताना साहेबाच्या देशातही दार अर्धेच उघडे होते, हे लक्षात असू द्यावे.

परदेशात राहण्याची संधी होती. पण गांधीजींच्या विचारांचा पगडा होता, त्यामुळे १९३९ मध्ये त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जैवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. नंतर निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केले. हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. हैदराबादच्या मराठी मंडळींना तिचे आवार परिचयाचे असेल.

१९४७ मध्ये त्यांचा विवाह मा. वि. सोहोनी यांच्याशी झाला. सोहोनी व्यवसायाने ॲक्च्युअरी, म्हणजे विम्याचे गणित मांडणारे. (आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हा माणूस जवळचा वाटेल.) संसार मुंबईत मांडला आणि कमलाबाई तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्याने निघालेल्या जैवरसायन विभागात प्राध्यापक झाल्या.

मुंबईची ही वर्षे त्यांच्या कामातली सर्वांत फलदायी, असे माझे मत. आता त्या स्वतः मार्गदर्शक होत्या. विद्यार्थ्यांना त्यांनी विषय दिले तेही आपल्या ताटातले. वाल आणि डबल बी ही कडधान्ये घ्या. त्यांत ट्रिप्सिन या पाचक द्रव्याला अडवणारे एक द्रव्य असते. कडधान्यात प्रथिन भरपूर, पण हे द्रव्य ते पचू देत नाही. कमलाबाईंनी विद्यार्थ्याच्या साथीने हे अडवणारे द्रव्य वाल आणि डबल बीमधून शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. ते काम १९५५ मध्ये नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले. अशा द्रव्यांचा जोर शिजवल्याने बराच मोडतो. वालाचे बिरडे नीट शिजवूनच खायचे हे आपल्या आज्यांनी सांगितले, आणि त्यामागचे एक कारण एका इंदूरकर बाईंनी प्रयोगशाळेत दाखवले.

गंमत म्हणजे केंब्रिजच्या बटाट्याने त्यांचा पिच्छा सोडला नव्हता. वनस्पतींमधल्या श्वसनाच्या त्या कामावरचा हिल यांच्यासोबतचा निबंध १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यावर नाव आहे ते माहेरचे, भागवत.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचे काम हाती घेतले. ताडा-माडाचा रस पहाटे आंबण्यापूर्वी उतरवला तर नीरा, ऊन वर आल्यावर त्याचीच ताडी. नीरेत क जीवनसत्त्व, लोह यांसारखे पोषक घटक चांगल्या प्रमाणात आहेत आणि कुपोषित आदिवासी मुलांना, गरोदर स्त्रियांना तिचा फायदा होतो, हे त्यांनी तपासून दाखवले. ताडगुळाचाही अभ्यास केला. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. बाजारात पौष्टिक पेयांचे डबे मिळतात त्यांच्या किमती पाहा, म्हणजे झाडावरून फुकट मिळणारे पोषण शोधण्याचे मोल कळेल. आरे दूध योजनेलाही दुधाच्या दर्जाबाबत त्यांनी सल्ला दिला.

एवढे करूनही इन्स्टिट्यूटचे संचालकपद सहजी मिळाले नाही. हक्काचे असून सुमारे चार वर्षे ताटकळावे लागले आणि १९६५ मध्ये ते हाती आले. १९३३ मध्ये दाराशी अडवले होते, आता खुर्चीशी. निवृत्ती १९६९ मध्ये, म्हणजे जेवढी वाट पाहिली साधारण तेवढीच वर्षे त्या पदावर मिळाली. एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या प्रमुखपदी स्त्री, हे तेव्हा देशात अपूर्वच होते.

निवृत्तीनंतर स्वस्थ बसणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी स्थापन केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाशी त्या जोडलेल्या होत्या. अन्नातली भेसळ ओळखणे हा संस्थेचा मोठा उद्योग, आणि त्याला शास्त्रज्ञाची जोड हवीच होती. संस्थेच्या कीमत या मासिकात त्यांनी ग्राहकांसाठी सोप्या भाषेत लेख लिहिले. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. केंब्रिजची डॉक्टरेट असलेली बाई हळदीतल्या आणि दुधातल्या भेसळीसाठी भांडते आहे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. डाळीत किती प्रथिन खरे आणि किती आकड्यांचा फुगवटा, हे शोधण्यापासूनच तर सुरुवात झाली होती.

१९९८ च्या जून महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. परिषदेच्या महासंचालकपदावर आलेल्या पहिल्या स्त्री म्हणजे डॉ. सत्यवती. कमलाबाईंचे वय पंच्याऐंशीच्या पुढे गेलेले, तरी त्या मुंबईहून दिल्लीला गेल्या. सत्काराच्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २८ जून १९९८ रोजी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. थोरल्या दुर्गाबाई त्यांच्यामागे आणखी चार वर्षे होत्या.